आंबोलीच्या ओढ्याकाठचा उडता बेडूक

सावंतवाडीहून बेळगावकडे जाणारा रस्ता दाणोली मागे पडताच चढणीला लागतो. वळणागणिक हवा बदलते, काजू-आंब्याच्या बागा सरतात आणि दोन्ही बाजूंनी दाट रान रस्त्यावर झुकू लागते. घाट संपतो तेथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, आंबोली हे गाव वसलेले आहे. आज आपण त्याला थंड हवेचे ठिकाण म्हणून ओळखतो. परंतु या गावाचे महत्त्व मुळात वाढले ते व्यापारी मार्गामुळे. वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल घाटावर बेळगावच्या छावणीकडे याच वाटेने जात असे आणि चढण चढून थकलेली माणसे व जनावरे येथे विसाव्याला थांबत. ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पेढी चालत आली आहे अशा आपल्या वाचकांना हा तपशील विशेष वाटेल.

आंबोलीचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तेथील पाऊस. वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस या गावावर कोसळतो. आमच्या सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील शेतकरी पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी समाधान मानतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथे डोंगराच्या प्रत्येक घडीतून पाणी वाहते. ज्यांना नावेही नाहीत असे शेकडो ओढे जागे होतात. याच गावातील एका गुहेत उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेला वळून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा प्रवास करत घटप्रभेला मिळते आणि पुढे कृष्णेच्या पात्रात जाते. म्हणजे आंबोलीच्या पावसाचा एक वाटा बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचतो.

अशा या गावी गेल्या जुलैत मी गेलो तो केवळ सहलीसाठी नव्हे. माझ्या भाच्याला तेथे एक जमीन घ्यावयाची होती. त्याचा इचलकरंजीत कापडाचा व्यवसाय आहे, शिवाय वडिलोपार्जित शेती असल्याने शेतजमीन खरेदी करण्यास कायद्याची अडचण नव्हती. बँकेच्या नोकरीतील बरीच वर्षे माझी शेतीकर्जाची कागदपत्रे तपासण्यात गेली. त्यामुळे घरात कोठेही जमिनीचा विषय निघाला की सातबारा माझ्यापुढे येतो. निवृत्त माणसाला असे बोलावणे आले की बरेच वाटते. भाचा, सूनबाई आणि मी असे तिघे मोटारीने निघालो.

जमीन गावापासून थोडी आत होती. एकूण क्षेत्र ऐंशी आर, म्हणजे आपल्या बोलीत दोन एकर. त्यातील अकरा आर पोटखराबा. ज्यांनी सातबारा बारकाईने पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : जमिनीच्या ज्या भागात पीक घेता येत नाही, म्हणजे खडक, ओहोळ, डबके, वाट असा भाग, तो पोटखराबा म्हणून वेगळा दाखवला जातो. कर्जाच्या छाननीत आम्ही तो प्रथम वजा करत असू. ज्यातून उत्पन्न नाही त्यावर तारण नाही, हा सरळ हिशेब. या जमिनीतला पोटखराबा म्हणजे कडेने वाहणारा एक ओढा आणि त्याला लागून असलेले, पावसाळ्यात भरणारे एक उथळ डबके. भोवती जांभूळ, अंजनी आणि कारवीची गर्दी.

भाच्याने मनाशी बेत पक्का केला होता. दरीचा देखावा ओढ्याच्या बाजूनेच सर्वांत सुंदर दिसत होता, म्हणून घर तेथेच बांधायचे. मध्यस्थाने त्याला सांगून ठेवले होते, ‘‘साहेब, पाणी पावसाळ्यापुरतंच असतं. चार डंपर मुरूम टाकला की सगळं सपाट. ओढ्याला दोन्ही बाजूंनी सिमेंटची भिंत घातली की झालं.’’ कागदपत्रे स्वच्छ होती, भाव बाजाराप्रमाणे होता. माझ्या पद्धतीने पाहता हरकत घेण्यासारखे काही नव्हते.

त्या दिवशी आम्ही उजेड असतानाच जेवण उरकले. रात्र मोकळीच होती. आम्ही उतरलो होतो त्या घरचा मुलगा महाविद्यालयात शिकत होता आणि पावसाळ्यात पाहुण्यांना रान दाखवण्याचे काम करत होता. तो म्हणाला, ‘‘काका, तुम्ही दिवसा जमीन पाहिलीत. तिथे राहतंय कोण, ते पाहायचं तर रात्री चला.’’ पावसाची झड थांबल्यावर गमबूट घालून, छत्र्या व विजेऱ्या घेऊन आम्ही त्याच जमिनीवर पुन्हा गेलो.

दिवसा जेथे केवळ पाण्याचा आवाज होता, तेथे आता जणू बाजार भरला होता. कोणी टकटक करत होते, कोणी किरकिर, कोणी लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज काढत होते. डबक्यावर ओणवलेल्या फांदीकडे मुलाने विजेरीचा अंधूक झोत वळवला. पानांमध्ये एक पान जरा जाड वाटले. नीट पाहिल्यावर त्याला दोन मोठे डोळे दिसले. कोवळ्या केळीच्या पानासारखा हिरवागार, तळहाताएवढा एक बेडूक फांदीला चारी पायांनी बिलगून बसला होता. त्याने एक पाय पुढे टाकला तेव्हा बोटांमधील पडदा उलगडला. तो पडदा शेंदरी तांबड्या रंगाचा होता. सूनबाईंच्या तोंडून एकच शब्द निघाला, ‘‘अगंबाई!’’

हा मलबारी उडता बेडूक. शास्त्रीय नाव ऱ्हॅकोफोरस मलबारिकस. भारतातील पशुपक्ष्यांचा अभ्यास करणारे इंग्रज डॉक्टर थॉमस जर्डन यांनी १८७० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पश्चिम घाट सोडून जगात अन्यत्र तो आढळत नाही. मादी सुमारे दहा सेंटिमीटर लांबीची असते, नर तिच्याहून लहान. बोटांच्या टोकांना चकतीसारखी गादी असते, तिच्या आधाराने तो ओल्या पानावर आणि उभ्या खोडावरही घट्ट चिकटून राहतो. ‘उडता’ हा शब्द मात्र पक्ष्याच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. उंच फांदीवरून झेप घेताना तो हातापायांची बोटे फाकवतो, मधले पडदे छत्रीसारखे ताणले जातात आणि तो तिरका तरंगत खालच्या झाडावर उतरतो. अशी एक झेप नऊ ते बारा मीटरपर्यंत जाते. ज्याची स्वतःची लांबी वीतभरही नाही, त्याच्या दृष्टीने हे अंतर फार मोठे आहे.

तथापि मला त्याच्या झेपेहून त्याच्या गृहरचनेचे अधिक कौतुक वाटले. डबक्यावर लोंबणाऱ्या पानांत साबणाच्या फेसासारखा एक पांढरा गोळा होता. मला वाटले, कोळ्याचे जाळे असावे. मुलाने सांगितले की ते या बेडकाचे घरटे आहे. मादी अंडी घालताना शरीरातून एक चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळून त्याचा फेस करते. आपल्या घरी रवीने ताक घुसळावे तसाच प्रकार. त्या फेसात शंभरावर अंडी असतात. मग आजूबाजूची पाने ओढून त्या गोळ्याभोवती लपेटली जातात. फेसाचा वरचा थर सुकून कवचासारखा होतो आणि आतला ओलावा टिकून राहतो. पाण्यात अंडी घातली तर मासे व पाणकिडे ती खाऊन टाकतात. झाडावर उघडी घातली तर ती सुकून जातात. हा फेस म्हणजे दोन्ही संकटांवरचा उपाय.

‘‘आणि पिल्लं?’’ भाच्याने विचारले.

‘‘आठवडाभरात आत पिल्लं तयार होतात, दादा. पाऊस लागला की फेस विरघळतो आणि ती टपाटप खाली पडतात, सरळ पाण्यात. तिथं शेपटी झडेपर्यंत राहतात. मग पुन्हा झाडावर.’’

‘‘आणि खाली पाणी नसलं तर?’’

मुलाने उत्तर दिले नाही. त्याने विजेरी खाली वळवली. पाण्यात बोटाच्या पेराएवढी काळी पिल्ले शेकड्यांनी वळवळत होती.

या प्रश्नाचा मी नंतर बराच विचार केला. या जिवाच्या संसाराला दोन गोष्टी एकाच ठिकाणी लागतात : दोन-तीन महिने टिकणारे पाणी आणि त्या पाण्यावर ओणवलेली फांदी. पाणी असून झाड नसेल तर घरटे नाही. झाड असून पाणी नसेल तर पिल्लू नाही. शिवाय डबके पावसाळ्यापुरते असणे हा दोष नसून गुण आहे. उन्हाळ्यात ते आटते म्हणून त्यात मोठे मासे राहू शकत नाहीत आणि बेडकांच्या पिल्लांना वाढीसाठी अवकाश मिळतो. मध्यस्थाने ज्या कारणास्तव ते डबके निरुपयोगी ठरवले होते, तेच कारण बेडकाच्या खात्यात जमेच्या बाजूला पडत होते. सातबाऱ्यावरचा अकरा आर पोटखराबा ही त्या जमिनीवरील सर्वांत गजबजलेली वस्ती होती.

उडता बेडूक पश्चिम घाटात बराच दूरवर पसरलेला आहे, परंतु आंबोलीच्या परिसरात त्याच्याहून दुर्मीळ शेजारीही आहेत. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी येथील दोन उभयचरांचे प्रथमच वर्णन केले. एक आंबोलीचा भेक, ज्याच्या अंगावर वाघासारखे पिवळे-तपकिरी पट्टे असतात. पहिला पाऊस पडताच हे भेक जांभ्याच्या सड्यावरील उथळ पाण्यात गोळा होतात आणि थोड्याच दिवसांत आपला विणीचा कार्यक्रम आटोपतात. दुसरा आंबोलीचा झुडपी बेडूक. त्याची तऱ्हा आणखी निराळी. तो पाण्यात अंडी घालीत नाही आणि त्याला शेपटीचे पिल्लूही होत नाही. ओल्या जमिनीवर घातलेल्या अंड्यातून थेट चिमुकला बेडूकच बाहेर येतो. हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात जो छोटा मासा भाविक पिढ्यान्‌पिढ्या देवाचा म्हणून राखत आले, तोही शास्त्राला नवा असल्याचे २०२० मध्ये स्पष्ट झाले आणि त्याला नदीचेच नाव मिळाले. पुढच्याच वर्षी राज्य शासनाने तेथील २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. शास्त्रज्ञ येण्यापूर्वी या माशाला वाचवले ते देवळाच्या मर्यादेने, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

बेडूक आणि व्यापार यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध होता आणि तो आपल्याला खेदाने आठवावा लागतो. शेतातील मोठे बेडूक पकडून त्यांच्या तंगड्या युरोप-अमेरिकेला पाठवण्याचा धंदा आपल्या देशातून अनेक वर्षे चालला. १९८० च्या दशकाच्या आरंभी ही निर्यात वर्षाला काही हजार टनांवर गेली होती. परकीय चलन मिळते म्हणून तिचे कौतुकही होत असे. परंतु बेडूक कमी झाले की भातशेतीत कीड माजते आणि तिच्यासाठी कीटकनाशकांवर खर्च करावा लागतो, हा मुद्दा अभ्यासकांनी व प्राणिप्रेमींनी लावून धरला. अखेर १९८७ मध्ये भारत सरकारने या निर्यातीवर बंदी घातली. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर मिळालेले चलन जमेला दिसत होते, पण त्यासाठी गमावलेला फुकटचा राखणदार खर्चाच्या बाजूला कोणीच लिहिला नव्हता. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हे उदाहरण अवश्य अभ्यासावे.

आपल्या परंपरेत तर एका बेडकाला कथानायकाचे स्थान आहे. ज्ञाताधर्मकथेतील नंद मणियार हा राजगृहाचा धनाढ्य व्यापारी. त्याने लोकांसाठी सुंदर पुष्करिणी बांधली, पण तिच्यातच त्याचा जीव इतका गुंतला की तो तिच्यातच बेडूक होऊन जन्मला. पूर्वजन्माची स्मृती जागी झाल्यावर तो भगवान महावीरांच्या दर्शनाला निघाला आणि वाटेत घोड्याच्या टापेखाली चिरडला गेला. दिगंबर परंपरेत तो फुलाची पाकळी तोंडात धरून निघतो आणि हत्तीच्या पायाखाली येतो. लहानपणी ऐकलेली ही कथा मला त्या रात्री परतताना तीव्रतेने आठवली, कारण डांबरी रस्त्यावर जागोजागी चिरडलेले बेडूक पडले होते. धबधब्याला आलेल्या मोटारी रात्री घाटातून परतत होत्या. पावसात ओल्या रस्त्यावर बेडूक बाहेर येतात, दिव्याच्या झोताने बावरतात आणि जागेवरच थांबतात. त्यांना घोड्याची टाप चुकवता आली नाही, तेथे ताशी साठ किलोमीटरने येणारे चाक कसे चुकवता येणार? वर्षाकाळात जमीन जिवांनी भरलेली असते म्हणून साधू-साध्वी विहार थांबवतात; आणि आपली वर्षासहल नेमकी त्याच काळात असते. ही विसंगती मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. आमची मोटारही त्याच रस्त्यावर होती. मुलगा पुढे विजेरी घेऊन चालत होता आणि भाचा त्याच्या मागून पायी चालण्याच्या वेगाने गाडी आणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना विषय निघालाच. भाचा म्हणाला, ‘‘मामा, खरं सांगा. एका बेडकासाठी मी घराची जागा बदलायची? त्या अकरा आराचेही पैसे मी मोजतोय.’’

त्याचा प्रश्न रास्त होता. व्यापारी माणसाने भावनेच्या भरात निर्णय घेऊ नये, हे मीच त्याला अनेकदा सांगत आलो आहे. मी म्हणालो, ‘‘अरे, बेडूक बाजूला ठेव. ओढ्याला भिंत घातलीस म्हणून पाऊस कमी पडणार नाही. सात हजार मिलिमीटर पाण्याची ही वाट आहे. डबके बुजवलेस तर तेवढे पाणी पायाखाली मुरेल किंवा जोत्यावर येईल. बँकेत असतो तर नाल्यालगतच्या बांधकामाला मी कर्जाची शिफारस करण्यापूर्वी दहा वेळा विचार केला असता. आणि सातबाऱ्यावर जो भाग पीक येत नाही म्हणून वेगळा काढला आहे, त्याच्या छातीवर घर बांधायचे, यात शहाणपण कोणते?’’

सूनबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘मुलांना सुट्टीत इथं आणायचं म्हणून आपण जागा घेतोय ना? मग त्यांना दाखवायचं काय? भिंत?’’

पुढचा तासभर कागदावर रेघा मारण्यात गेला. घर वरच्या अंगाला, ओढ्यापासून चाळीस मीटर मागे सरकवायचे. डबके व काठची झाडे जशीच्या तशी ठेवायची. सांडपाणी ओढ्याकडे न जाता विरुद्ध बाजूला शोषखड्ड्यात सोडायचे. बागेत हिरवळ आणि फवारणी नाही. रात्री डबक्याच्या दिशेने दिवा नाही. यामुळे आतला रस्ता लांबतो आणि खर्च वाढतो, शिवाय दरीचा देखावा थोडा झाडांआड जातो. भाच्याच्या भागीदार असलेल्या धाकट्या भावाला हे अजून मान्य नाही. देखावा नसेल तर एवढी रक्कम गुंतवायची कशाला, हा त्याचा मुद्दाही खोडता येण्यासारखा नाही. खरेदीखत दिवाळीनंतर करू, असे ठरले आहे. तोवर घरात चर्चा चालू आहे आणि ती चालावी असेच मला वाटते.

हा प्रश्न एका कुटुंबाचा नाही. पश्चिम घाटातील ३९ स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी त्यांत आहेत, आंबोली नाही. शिवाय खासगी मालकीची कितीतरी राने आणि ओढे कोणत्याही सीमारेषेत येत नाहीत. तेथे मालक जो निर्णय घेईल तोच कायदा. जगभरातील उभयचरांचा जो आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. पृष्ठवंशी प्राण्यांत एवढा संकटग्रस्त वर्ग दुसरा नाही. बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो आणि पाणी शोषतो. पाण्यात उतरलेले कीटकनाशक वा साबण त्याच्या शरीरात थेट जातो. म्हणून ज्या ओढ्यावर बेडूक नांदतो त्याचे पाणी बहुधा निर्मळ समजावे आणि जेथून तो नाहीसा झाला तेथे कारण शोधावे. आपल्यातील अनेक कुटुंबे आज सह्याद्रीत घरासाठी जागा पाहत आहेत. त्यांनी सातबारा पाहताना पोटखराब्याच्या रकान्यावर बोट ठेवून एकदा विचारावे, की येथे राहते कोण?

ज्यांना आंबोलीला जाऊन हा बेडूक पाहावयाचा असेल त्यांनी जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत केव्हाही जावे. गर्दी टाळायची तर शनिवार-रविवार सोडावा. रात्री स्थानिक जाणकार सोबत घ्यावा; त्याला त्याचा मेहनताना आनंदाने द्यावा, कारण रान राखण्यात ज्याचे पोट आहे तोच ते राखतो. अंगाला डास पळवणारे मलम लावले असेल तर हात पाण्यात घालू नये. बेडकाला हात लावू नये, फांदी वाकवू नये, झोताने त्याचे डोळे दिपवू नयेत. पानांत पांढरा फेस दिसला तर त्याखाली उभे राहू नये, कारण ती त्याच्या पिल्लांची वाट आहे. घाटात अंधार पडल्यावर मोटार हळू चालवावी. पंधरा मिनिटे उशीर झाला तरी आपले काही बिघडत नाही. रस्ता ओलांडणाऱ्याचा मात्र तो सगळा जन्म असतो.